एका दाढेचा सरसकट सौदा

सांगलीच्या दातांच्या डॉक्टराने मला फसवले. एक दाढ तुटली म्हणून मी त्याच्याकडे गेलो आणि त्याने माझे तोंड मोकळे करून मला घरी पाठवले. मी त्याला कशातही फसवलेले नाही. ठरले तेवढे त्याच्या हातावर ठेवले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं असेल' असे म्हणत बसणार नाही.

मी हे माझ्या वयाच्या माणसांसाठी लिहितो आहे. साठीत दात तुटला की माणूस तो कुणाला दाखवत नाही. जिभेने चाचपत बसतो आणि 'बघू, पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. मग एक दिवस घाईने कुठल्यातरी खुर्चीत जाऊन बसतो. बसण्याआधी काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढे जरी या लिखाणातून कुणाला कळले तरी पुष्कळ. मला आता त्याचा काही उपयोग नाही.

माझा धंदा बैलांचा. आमची वाडी जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला. वडिलांना भातशेतीचे दोन तुकडे आणि आम्ही सहा भावंडे. मी पोरवयात दुसऱ्यांची जनावरे हाकत घाट उतरलो, तो परत राहायला चढलो नाही. आज इस्लामपुरात माझे स्वतःचे घर आहे, मागे दहा जनावरांची दावण आहे, मुलीचे लग्न मी कुणापुढे हात न पसरता केले आहे. हे सगळे जिभेवर कमावले. जिभेवर आणि बैलाच्या दातांवर. बैलाचे वय त्याच्या तोंडात असते. दुधाचे दात असले तर आदत, पक्के दोन आले की दुदाती, मग चौदाती, सहादाती, आणि सगळे आले की आम्ही म्हणतो 'जुळला'. त्यापुढे दात झिजत जातात आणि बैल उतरत जातो. मालक कितीही शपथा घेऊ दे, मी ओठ वर करतो आणि खरे काय ते बघतो.

साठीतही माझे स्वतःचे दात जुळलेले होते. ऊस मी दातानेच सोलत होतो. बाजारात लोक ते दाखवून पोरांना सांगत, "बघा रं, तात्याचं दात बघा."

खडा

दुष्काळ सरून तीन-चार वर्षे झाली होती. ज्वारी पुन्हा घरची यायला लागली होती. सकाळी न्याहारीला भाकरी आणि खरडा घेऊन बसलो होतो. दुसऱ्या घासाला डोक्यात असा आवाज झाला की जू मोडल्यासारखे वाटले. मी बोट घालून खडा बाहेर काढला आणि तो हातात धरून बायकोवर, कौसल्येवर, ओरडलो.

"ज्वारी निवडतीस, का डोळं झाकून गिरणीत टाकतीस? ह्यो बघ! ह्यो खडा बघ केवढा!"

तिने तो माझ्या तळहातावरून उचलला, उजेडाला धरला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"आता का तोंड बांधलं?"

"आवं," ती म्हणाली, "ह्यो खडा न्हाई. ह्यो दात हाय तुमचा."

खालच्या उजव्या दाढेचा अर्धा भाग होता तो. आत खडा होता की नव्हता हे शेवटपर्यंत कळले नाही, कारण खडा सापडलाच नाही. कौसल्या त्या दिवसापासून ज्वारी दोनदा निवडायला लागली. मी म्हटले नव्हते तिला तसे करायला.

दुखले फारसे नाही. पण उरलेल्या दाढेला पात्यासारखी धार आली होती आणि जीभ सारखी तिथेच जायची. आठवड्याभरात जिभेच्या कडेला फोड आला. तिखट लागेना, बोलताना शब्द अडखळायला लागले. दुसऱ्या कुणाचे असते तर चालले असते. माझी जीभ म्हणजे माझी शेती होती.

बाजारात

महिपती माझा बाजारातला जोडीदार. सौदा मी बोलायचा आणि बैल त्याने फिरवून दाखवायचा, अशी आमची पंचवीस-तीस वर्षांची रीत. त्याला लपवण्यात अर्थ नव्हता. एका जोडीचा भाव बोलताना मी मध्येच 'हाय' करून थांबलो आणि समोरच्या शेतकऱ्याला वाटले, मी भावावरून घाबरलो. सौदा हातचा गेला.

"गड्या, काय झालंय? आ कर बघू," महिपती म्हणाला, आणि भर बाजारात त्याने माझा ओठ बैलासारखा वर केला. "आरं तिच्या! तात्या, उतरला की रं तू! आता तुला कसायाबिगर गिऱ्हाईक न्हाई."

भोवतालचे सगळे हसले. मीही हसलो. हसताना जीभ पुन्हा कापली.

"दवाखान्यात जावं म्हणतोय," मी म्हणालो.

"जाऊ नगंस. हल्ली दवाखान्यात शिरला गडी की धरत्यात अन् नसबंदी करून सोडत्यात. दात ऱ्हायला बाजूला, दुसरंच कायतरी कापून येशील."

"माझी काय करायची आता नसबंदी?"

"त्येस्नी आकडा भरायचा असतोय. वय कोण बघतंय?"

आणीबाणीच्या त्या वर्षी ही चेष्टा सगळीकडेच चालली होती, आणि ती सगळी चेष्टाच नव्हती. दोन बाजार मी त्या भीतीनेच घालवले. नवऱ्याला असली भीती वाटते हे बायकोला कसे सांगायचे? मी सांगितले, की सवड नाही.

हमी

शेवटी मेढ्याला भावाकडे जाण्याचे निमित्त काढून मी आणि कौसल्या साताऱ्याला उतरलो. तिथे एक वयस्कर दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दाढेवर बारीक हातोडीने टकटक केले, हिरडी दाबली, पुष्कळ वेळ पाहिले.

"ही राखता येईल," ते म्हणाले. "मुळं धरून आहेत. आतली नस साफ करू, भरू, वर टोपी बसवू. चार-सहा खेपा घालाव्या लागतील."

"किती वर्सं टिकंल?"

"ते कसं सांगू? तुमचं वय, तुमच्या हिरड्या. टिकली तर दहा वर्षं टिकेल. नाही तर वर्षातही काढावी लागेल."

"म्हंजे हमी न्हाई."

"हमी नाही."

आमच्या धंद्यात बैल बोलीवर देतात. नांगराला जुंपून बघ, आठ दिवस ठेव, खोड निघाली तर परत आण. हा मनुष्य मला म्हणत होता, की जनावर दावणीला बांध, चारा घाल, आणि जगेल की मरेल ते मी सांगणार नाही. मी त्याला तसे म्हणालोही.

"बाबा," ते म्हणाले, "मी दातांचा डॉक्टर आहे. बैलांचा दलाल नव्हे."

मी खुर्चीतून उठलो. कौसल्या दारात उभी होती. जिन्यावर ती मागून म्हणाली, "आवं, त्येला कळतंय. वाईच बसा की. राग बसमंदी काढा." मी थांबलो नाही. एस.टी.त ती कऱ्हाड येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या म्हाताऱ्याने दलाल हा शब्द शिवीसारखा वापरला, हे मी विसरलेलो नाही. पण तो लबाड बोलला नाही, हेही लिहिले पाहिजे.

सरसकट

माझा जावई वसंतराव सांगलीला एका गिरणीत कारकून आहे. सरळ माणूस, घडी घातलेल्या सदऱ्यासारखा. त्याने सांगितले, "मामा, आमच्या साहेबांच्या आईची कवळी ज्यांनी केली, त्यांच्याकडे जाऊ. हलक्या हाताचे आहेत. मुंबईला शिकलेत."

डॉक्टर तिशीतला होता, गोड बोलणारा. त्याची खुर्ची खाली-वर होत होती. बाकावर सात-आठ माणसे गालाला हात लावून बसलेली. आत गेल्यावर त्याने पाहिले न पाहिले तोच सांगितले, "काढून टाकू. काढली की संपलं. पुन्हा त्रास नाही, ही माझी हमी."

हमी म्हटल्यावर माझे मन बसले. हमी फक्त काढणाराच देऊ शकतो, राखणारा कधीच देऊ शकत नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नाही. जे वाचत आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मग तो म्हणाला, "बाकीच्या दातांचंही फार खरं नाही, बाबा. हिरड्या सुटल्यात. आज ना उद्या तेही काढावेच लागतील."

"उद्याचं उद्या. आजचं बोला."

तो भाव सांगू लागला. काढण्याचे वेगळे, सुईचे वेगळे, औषधाचे वेगळे, पुन्हा दाखवायला आले तर त्याचे वेगळे. माझे डोके तापले. ज्याला फसवायचे असते तो नेहमी असेच तुकडे पाडून सांगतो. मी म्हणालो, "हे सुटं सुटं मला सांगू नगा. सरसकट काय ते बोला."

आमच्या बाजारात सरसकट म्हणजे एका बैलाला एक भाव, आणि त्या भावात त्याचे दावे, वेसण, गळ्यातली घुंगरमाळ सगळे आले. नंतर कुणी 'दाव्याचे वेगळे द्या' म्हणायचे नाही. हा अर्थ कऱ्हाडपासून खरसुंडीपर्यंत शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

डॉक्टरने हात पुसला. "सरसकट करायचं म्हणताय?"

"व्हय. एकदाच काय ते मिटवा. सारख्या खेपा मला जमायच्या न्हाईत."

"घरच्यांना विचारलंय?"

"घरच्यांना काय विचारायचं? तोंड माझं हाय."

त्याने एक आकडा सांगितला. एका दाढेला तो आकडा ऐकून माझे डोळे पांढरे झाले. पण म्हटले, शहर आहे, खुर्ची खाली-वर होते, त्याचेही घेत असेल. मी अर्ध्यावर आणला. तो थोडा वर गेला, मी थोडा वर गेलो, आणि ठरले; निम्मे तिथेच त्याच्या हातावर ठेवले. बाहेर बाकावर जावई पेपर वाचत बसला होता. मी मनात म्हणालो, याला सांगेन, बघ, शिकलेल्या माणसालाही कसा खाली आणला.

खुर्ची

सुया टोचल्या. गाल लाकडासारखा झाला. छातीवर कंपाउंडरने टॉवेल पसरला होता, माझे हात त्याच्याखाली. डॉक्टरने चिमटा घातला, डोके हलले, कवटीत करकर झाले, आणि शेजारच्या भांड्यात 'टण' वाजले.

सुटलो, असे वाटले. मी उठायला गेलो तर त्याने खांद्यावर हात ठेवला. पुन्हा चिमटा, पुन्हा करकर, पुन्हा टण.

मला वाटले, दाढ दोन तुकड्यांत आली. तिसऱ्यांदा टण वाजले तेव्हा कळले. तोंडात लोखंड, कापूस आणि रक्त. ओरडायला जीभ जागेवर नव्हती. मी टॉवेलखालून हात काढला नाही. आमची सवय तशी नाही. बाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत, उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटांवर ठरवतात. समोरच्याचे एक बोट धरून दाबले की एक, दोन धरली की दोन. त्याला पटले तर तो उलट दाबतो. उलट दाबले की सौदा पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही.

त्याचा मोकळा हात टॉवेलच्या काठाशी आला तसा मी तो आत ओढला आणि त्याचे एक बोट घट्ट दाबले. एक. एकच ठरला होता.

त्याने माझा हात हातात घेतला आणि उलट दाबला. "घाबरू नका बाबा. झालंच."

मला मान्य झाले. खरोखर मान्य झाले. मी म्हटले, चला, याला कळले. अंग सैल सोडले. आणि पुन्हा टण.

इतकी वर्षे उपरण्याखाली हात घातले, पण उलट दाबून फिरलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

खालची उजवी बाजू संपल्यावर त्याने कापूस कोंबला आणि हात धुता धुता म्हणाला, "आज एवढंच. डावी बाजू पुढच्या आठवड्यात, मग वरचे. घाई केली की सूज येते."

मी भांड्याकडे बोट केले, तोंडाकडे बोट केले, घशातून आवाज काढला. आवाज ऐकून जावई आत आला.

"मामा काय म्हणतायत?"

"दुखत असेल," डॉक्टर म्हणाला. "त्यांनीच सरसकट काढायला सांगितलंय."

वसंतरावने माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्ही सरसकट म्हणालात?"

आता सांगा, मी काय करायला हवे होते? शब्द तर मी उच्चारला होता. मान हलवली. 'व्हय, पण तसे नव्हे' हे मानेने सांगता येत नाही. जावयाला 'व्हय' एवढेच दिसले. त्याने माझ्या खिशातून काढून बाकी होते ते दिले आणि रिक्षा बोलावली.

निघताना मी भांड्यातले दात माझ्या रुमालात गोळा करून घेतले. कंपाउंडर हसला. हसू दे.

खुंटी आणि जमीन

मुलीच्या, शालनच्या, घरी चार दिवस होतो. ती भाताची पेज करून गार करायची आणि चमच्याने पाजायला बघायची. मी चमचा हिसकावून घ्यायचो. "आबा, पोटच्या पोरीची कसली लाज?" म्हणायची. ती स्वयंपाकघरात गेली की मग मी प्यायचो. सूज एवढी होती, की डोळा मिटत होता. पण गुळण्या करताना मिठाच्या कोमट पाण्याने जेवढे बरे वाटते, तेवढे दुसऱ्या कशाने वाटत नाही. एवढी एक चांगली गोष्ट नोंदवून ठेवतो.

उंबऱ्यावर उन्हात बसून मी ते दात पाहिले. एक तुटलेला. एक काळा पडलेला. बाकीच्यांना कीड नाही, भेग नाही, मुळे लांब आणि पिवळी. बैलाच्या तोंडात असे दात दिसते तर मी डोळे मिटून विसार दिला असता.

सूज ओसरल्यावर रुमाल घेऊन डॉक्टरकडे गेलो. दात त्याच्या टेबलावर ओतले. "ह्यातला खराब कंचा, दाव."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "बाबा, दात चांगला असून उपयोग नसतो. धरणारी हिरडी गेली होती. खुंटी कितीही चांगली असली आणि जमीन भुसभुशीत असली, तर जनावर बांधाल का तिला?"

जन्मभर खुंट्यांना जनावरे बांधणाऱ्या माणसाला त्याने खुंटीचेच उदाहरण दिले. म्हणून मी ओरडलो. पण निम्म्या तोंडाने ओरडलेले कुणाला कळत नाही. नुसता फसफस आवाज येत होता. बाकावरची एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तिचा स्वतःचा गाल सुजलेला होता.

"मामा, लोकांदेखत नको," जावई मला बाहेर ओढत म्हणाला. रस्त्यावर आल्यावर त्याचाही बांध फुटला. "दवाखाना म्हणजे बैलबाजार आहे का? घासाघीस तुम्ही केलीत. निदान मला तरी आत बोलवायचं होतं."

"तुमीच आणलंत हितं."

"दाढ दाखवायला आणलं होतं."

"मग माझी बाजू धरायची!"

"तुम्ही मान हलवलीत, मामा!"

त्या दिवसापासून आमचे बोलणे तुटले. शालन त्या वर्षी पंचमीला माहेरी आली नाही. कौसल्येने झोका बांधायचा दोर काढून ठेवला होता, तो तसाच खुंटीवर राहिला. दातांच्या दुखण्यात माणसे तुटतात, हे मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

जोडी

आता प्रश्न उरलेल्या दातांचा होता. डाव्या बाजूने खावे, तर जेवायला तास लागे. उजवीकडे वरचे दात खालच्या हिरडीवर आपटत आणि ती सोलून निघे. कौसल्येचे म्हणणे एकच.

"ऱ्हायल्यात ती ऱ्हाऊ द्या. निम्म्या तोंडानं खावा. माझी आई दोन दातावर म्हातारी झाली."

"तुझी आई बाजारात बोलायला जात न्हवती."

"बोलाय दात कशाला लागत्यात? तुमी तर न बोलता बी भांडताय."

महिपती त्या वेळी ओसरीवर बसला होता. त्या दिवशी तो चेष्टा करत नव्हता. म्हणाला, "तात्या, खरं सांगू? जोडीतला एक गेला की दुसरा दावणीला ठिवून काय करायचा? न्हाई औताचा, न्हाई गाडीचा. तू आजवर लोकांस्नी हेच सांगत आलास."

खरे होते. एक बैल मेलेल्या शेतकऱ्याला मी हेच सांगत आलो. दुसरा विकून टाक, नवी जोडी घे, एकट्याला चारा घालून खर्चात येशील. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेले आता माझ्याच तोंडात येऊन बसले. खालचे नाहीत तर वरच्यांना काम नाही. उजवीकडचे नाहीत तर डावीकडचे एकटे किती ओढणार?

मी पुन्हा सांगलीला गेलो. स्वतःच्या पायांनी गेलो, आणि सगळे काढून घेतले. खेपेला खेपेला टण वाजत राहिले. मी टॉवेलखाली हात मुकाट ठेवला, कुणाचे बोट धरले नाही.

लोक आता म्हणतात, पुढचे तर तू स्वतःच काढलेस. जोडी मी मोडली नव्हती. मोडलेल्या जोडीचे काय करायचे, एवढेच त्याने माझ्या हातात ठेवले होते.

कवळी

हिरड्या सुकायला पावसाळा गेला. मग कवळी आली, गुलाबी आणि पांढरी, सिनेमातल्या माणसाच्या दातांसारखी. वरची टाळूला चिकटते. खालची मात्र जिभेबरोबर हिंडते. भाकरीचा घास घेतला की उजवीकडून दाबावे तर डावीकडून उठते, आणि तिच्याखाली ज्वारीचा एक कण शिरला तर पायात काटा मोडल्यासारखा ठणका लागतो. मी भांडलो तेव्हा डॉक्टरने दुसरी फुकट करून दिली. ती पहिलीहून वाईट.

कौसल्या म्हणाली, "धरमाची गाय आन् दात का न्हाई, असं झालं."

"हितं दातच धरमाचं हायत," मी म्हणालो. ती हसली. किती तरी दिवसांनी हसली म्हणून लिहितो.

कवळीशिवाय भाकरी खाता येते. दुधात किंवा आमटीत भिजत घालावी, मऊ झाली की गिळावी. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात खाव्यात. शेंगदाणे सोडून द्यावेत. ऊस सोडून द्यावा. कच्चा कांदा मनातून काढून टाकावा. चव जिभेला लागते असे म्हणतात, ते खोटे आहे. निम्मी चव चावण्यात असते. ती गेली की जेवण म्हणजे पोट भरणे.

कौसल्या माझ्यासोबत कण्याच खाते. 'मलाबी हेच बरं' म्हणते. पण एकदा दुपारी गोठ्यातून आत आलो, तर चुलीमागे कुडुम कुडुम ऐकू आले. ती पाठ करून कडक भाकरीचा पापुद्रा खात होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून तिथे बसली होती. मी आल्या पावली परत फिरलो आणि बैलांना पेंड घालत उभा राहिलो.

आता बाजाराचे सांगतो. 'दात' हा शब्द उच्चारायला दात लागतात. हे मला साठीत कळले. जीभ दातांच्या मागे टेकल्याशिवाय तो शब्द होत नाही. कवळी घातली तर 'सहादाती' म्हणताना शीळ वाजते, काढली तर नुसता वारा. मी बैलाचा ओठ वर करून सांगायला लागतो आणि समोरचा शेतकरी बैलाच्या तोंडाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मग महिपतीकडे वळून विचारतो, "काय म्हणतोय म्हातारा?"

काही बाजार महिपतीने माझे बोलणे उलगडून सांगितले. उपरण्याखालची बोटे तेवढी माझी. मग खरसुंडीच्या जत्रेला तो आला तो आपल्या भाच्याला घेऊन. पोरगा बोलायला पटाईत. महिपती पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "तात्या, तू बस की सावलीला. लागलं तर हाक मारतू."

हाक मारली नाही. मी लिंबाखाली बसून होतो. समोरून जोड्या जात होत्या, दुदाती, चौदाती. लांबूनही मला त्यांचे वय कळत होते. सांगायला कुणी नव्हते.

आता तुम्ही बोला

माझ्यासारखा दात तुटलेला कुणी वाचत असेल तर त्याने साताऱ्याच्या म्हाताऱ्यासारखा, हमी न देणारा माणूस शोधावा. आत जाताना घरचे माणूस बरोबर न्यावे. बाजारातले शब्द बाजारात ठेवावेत. एवढे करूनही दात राहीलच असे मी म्हणणार नाही. माझ्याजवळही हमी नाही.

डॉक्टर, तुमच्या बाकावर मासिके पडलेली असतात. हे कुठे छापून आले तर तुमच्या नजरेस पडेल. मी आता तुमच्या दारात येऊन ओरडणार नाही. मला ओरडता येत नाही. म्हणून इथे विचारतो.

आमच्या बाजारात सहीऐवजी अंगठा उठवणारी माणसे असतात. पण बैलाचे दावे हातात देण्याआधी मधला माणूस दोघांनाही मोठ्याने विचारतो, "काय ठरलं?" दोघांच्या तोंडून एकच गोष्ट निघाली तर दावे सुटते, नाही तर बैल जागचा हलत नाही. एका जनावरासाठी आम्ही एवढे करतो. तुम्ही मला विचारलेत, सरसकट का? विचारलेत, घरच्यांना विचारलेय का? 'किती दात?' एवढे दोन शब्द का विचारले नाहीत? मी 'एक' म्हणालो असतो. तेव्हा माझ्या तोंडात ते म्हणायला दात होते.

मी तुमचे बोट दाबले, तुम्ही उलट दाबलेत. काय कबूल केलेत ते सांगा. तुमचे दात शाबूत आहेत. उत्तर द्या.